नदीकाठच्या रानाची चौकशी

वैशाख लागला की माझे पाय दुखायला लागतात. डॉक्टर म्हणतात, वयामुळे. असेलही. पण वय बारा महिने सोबत असतं आणि हे दुखणं बाजारात हापूसच्या पेट्या आल्या की मगच येतं. दुपारी गच्चीच्या दारातून खाली पाहावं, रस्त्यावरचं डांबर मऊ होऊन चकाकत असावं, आणि घोट्यातून एक जुनी कोरडी कळ वर चढावी, हे आता ठरून गेलेलं आहे. ती कळ चिंचवडच्या स्टेशनापासून पवनेच्या काठापर्यंत जाणाऱ्या गाडीवाटेची आहे. ती वाट आता राहिलेली नाही. कळ तेवढी राहिली आहे.

यंदा बहिणीची नात, ईशा, सुटीत चार दिवस राहायला आली होती. तिला कुठेशी इंटर्नशिप मिळाली आहे. सरकारने धोरणं मनाला येईल तशी आखू नयेत, पुरावा बघून आखावीत, म्हणून गावोगाव जाऊन पुरावा गोळा करायचा, असं तिचं काम. फार उत्साहाने सांगत होती. मग मध्येच थांबून म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?" मला हसू आलं, पण हसण्याइतकीही उमेद त्या उन्हात नव्हती. आमच्या वेळी त्याला उमेदवारी म्हणत. पगार जवळपास नाही, ऊन मुबलक, आणि देशासाठी काही करतो आहोत ही भावना फुकट.

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. मी अर्थशास्त्र शिकत होते. सरकारला रेल्वेच्या आणि मुंबईच्या रस्त्याच्या अंगाने कारखाने वसवायचे होते, आणि त्याआधी तिथल्या गावांची नीट पाहणी व्हावी म्हणून आमच्या सरांकडे काम आलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत सरांनी आम्हा काही विद्यार्थ्यांना त्यावर घेतलं. त्यांत मुलगी मी एकटी. पहिल्या दिवशी सर वर्गात उभे राहून म्हणाले होते, "आजवर साहेब नकाशावर बोट टेकवायचा आणि तिथलं गाव उठायचं. आता राज्य आपलं आहे. आता आधी विचारायचं, मग ठरवायचं. बिनकसाची जमीन कारखान्याला, कसाची जमीन शेतकऱ्याला." माझ्या अंगावर काटा आला होता. ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं. अजूनही आवडतं, हीच तर पंचाईत आहे.

सरांचे नियम दोनच, पण पक्के. चौकशी कशासाठी चालली आहे ते गावात सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणसं उत्तरं हवी तशी वळवतात. आणि जमिनीच्या तक्त्यात घरच्या कर्त्या पुरुषाने जे सांगितलं तेच लिहायचं, आपलं शहाणपण त्यात मिसळायचं नाही. बायकांसाठी निराळा तक्ता होता. त्यात चूल, पाणी, आजारपण, बाळंतपण. तो अर्थातच माझ्याकडे. जमिनीचा तक्ता माझ्या जोडीदाराकडे, दिवाकरकडे. दिवाकर म्हणजे मान खाली घालून सरळ रेषेत चालणारा मुलगा. अक्षर मोत्यासारखं आणि शंका एकही नाही.

सकाळच्या गाडीने यायचं, स्टेशनावर उतरायचं आणि चालायला लागायचं. सकाळ म्हणावी तर ऊन तोवर खांद्यावर हात टाकून सोबतीला आलेलं असे. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली रानं. ढेकळं तापत पडलेली. शाळू काढून झालेला, हरभरा काढून झालेला, गहू मळून घरात गेलेला. कुठे हिरवं पान म्हणून नाही. शहरातून आलेल्या माणसाला ही सगळी जमीन सारखीच दिसते. मलाही तशीच दिसे. काळी काय, मुरमाड काय, वैशाखात सगळ्यांचा चेहरा एकच, दमलेला. आता वाटतं, जमिनीला कस आहे का ते विचारायला आम्ही नेमके ती झोपलेली असताना गेलो होतो. पण कॉलेजला सुटी तेव्हाच असते, त्याला कोण काय करणार.

विचारण्याचाही शीण येतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. तेच प्रश्न, त्याच क्रमाने, तोच हसरा चेहरा ठेवून. दुपारपर्यंत हसरा चेहरा ओढून ताणून बसवावा लागे. आणि ज्यांना विचारायचं तेही दमलेले. त्यांच्याकडे आमच्याआधी देवीची लस टोचणारे येऊन गेलेले, शिरगणतीवाले येऊन गेलेले, धान्याच्या लेव्हीचे, सक्तीच्या वसुलीचे, अंमलदार तर येऊन घर झाडून गेलेले. कागद घेऊन आलेला माणूस काहीतरी नेतो, देत नाही, एवढं गावाला पाठ होतं. तरी घोंगडी टाकून बसवत, गुळाचा चहा देत, आणि शांतपणे उत्तरं देत.

उत्तरं सगळी एकसारखी.

"काय पिकतंय वो? निस्ता खडक हाय."

"पान्याची बोंब. पेरलेलं बी परत मिळंना."

"पोटापुरतं बी न्हाई निघत. आमी आपलं हाय म्हनून कसतो, झालं."

दिवाकर लिहून घेई. खडकाळ, खडकाळ, हलकी, खडकाळ. मी बायकांच्या तक्त्यासाठी माजघराकडे जाता जाता हे ऐकत असे आणि मला त्या गावाची फार दया येई.

खंडूबांचं घर गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे. पन्नाशीच्या आसपासचा, काटक, डोक्याला पटका, कमी बोलणारा माणूस. त्यांचं रान पवनेच्या अगदी काठाला होतं. दिवाकरने विचारलं तेव्हा त्यांनी नदीच्या दिशेने असा हात केला, जणू घरातल्या वाया गेलेल्या मुलाबद्दल बोलत आहेत. "ते व्हय? ते काय रान म्हनायचं. धोंडं हाईत. पूर आला की वाहून जातंय." दिवाकरने लिहिलं. त्या बोलण्यात कुठेही ओशाळलेपण नव्हतं. उलट थोडी ऐट होती. ती मला तेव्हा समजली नाही, नुसती खटकली.

एके दिवशी ऊन बाधलं. पोटात कालवाकालव, डोळ्यांपुढे अंधारी. मी खंडूबांच्या पडवीत आडवी झाले. त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, माझ्या तळपायांना कांदा चोळला आणि एका बाटलीतलं तांबूस पाणी वाटीभर पाण्यात टाकून मला पाजलं. इतकं आंबट की दात शिवशिवले. "आंब हाय हरबऱ्याची," त्या म्हणाल्या. थंडीच्या दिवसांत पहाटे हरभऱ्यावर धडुतं अंथरायचं. पाल्यावरचं दव त्यात उतरतं, ते पिळून भरून ठेवायचं. पोटाला त्याच्यासारखं औषध नाही. मी पडल्या पडल्या सहज विचारलं, हरभरा कुणाकडचा?

"कुनाकडचा म्हंजी? आमचाच की. नदीकडच्या रानातला."

"पण तिथे तर धोंडे आहेत ना?"

हौसाबाई खूप वेळ हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मग मला उठवून आत घेऊन गेल्या. माजघरात आढ्यापर्यंत कणग्या उभ्या होत्या, शेणाने लिंपलेल्या. त्यांनी एकेकीवर थाप मारली. हा गहू, हा हरभरा, हा शाळू. पुराचा गाळ दरसाल येऊन बसतो, पाणी द्यावं लागत नाही, नुसत्या ओलीवर पीक उभं राहतं. "त्या रानानं माज्या लेकी उजवल्या, ताई. दुष्काळात गाव डोंगरगवत खात व्हतं, तवा आमच्या चुलीवर हुलगं शिजत व्हतं. माजी सासू मरताना म्हनली, दागिनं मोड, पर रान मोडू नगं." हे बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की पडवीत मघाशी ऐकलेल्या धोंड्यांची मला गंमतच वाटली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "ह्यास्नी सांगू नगा, म्या दावलं म्हनून."

त्यांनीच मग मला धोंडे म्हणण्यामागचं कारण सांगितलं. फार पूर्वी, त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळी, शेतसारा ठरवायला साहेब आला होता. आमराईत तंबू ठोकून बसला होता. गावातल्या एका माणसाने त्याच्यापुढे आपल्या जमिनीचं तोंडभरून कौतुक केलं. सारा असा वाढला की घर बसलं. त्या घराला गाव अजून 'बोलके' म्हणतं, आणि त्या घरात मुलगी देताना अजून विचार करतं. तेव्हापासून कागदवाल्यापुढे आपल्या रानाला नावं ठेवायची, ही गावाची रीतच झाली. लहान पोरांनासुद्धा ती शिकवावी लागत नाही. दृष्ट लागू नये म्हणून घरात आलेल्या पाहुण्यापुढे आई बाळाला काळंबेंद्रं म्हणते, तसंच हे. खंडूबांचं ते ऐटीतलं बोलणं मला तेव्हा समजलं. आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट समजली. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची जमीन वाचवण्यासाठी तिला खडक म्हटलं, ते गाव आता खडक म्हणून म्हणून ती आपल्या हाताने देऊन टाकत होतं.

परतीच्या गाडीत मी दिवाकरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तलाठ्याच्या दप्तरातही हलकीच लिहिली आहे." मी म्हटलं, तलाठ्यालाही ह्यांनीच सांगितलं असणार.

सरांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. तेही दमलेले होते. टेबलावर तक्त्यांची चळत, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. म्हणाले, "कर्त्याला पुन्हा विचारा. तो म्हणेल ते लिहा. बाईंनी आत काय दाखवलं त्यावरून आपण जमिनीच्या तक्त्यात आपल्या मनाचं घालायला लागलो, तर साहेबाच्या बोटात आणि आपल्या टाकात फरक काय राहिला?"

मी पुन्हा गेले. ह्या खेपेला एकटी. खंडूबा नदीकडच्या रानातच होते, बांधावरच्या बाभळीखाली बसून दोर वळत होते. हौसाबाई शेणकूट वेचत होत्या. रान माझ्यासमोर पसरलं होतं, काळंभोर, भेगाळलेलं, आणि पलीकडे पवना एखाद्या ओढ्याएवढी होऊन पडून राहिलेली. मी सरांचा पहिला नियम मोडला आणि त्याबद्दल मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही. सगळं सांगितलं. कारखाना येतो आहे. हलकी जमीन घेणार आहेत, चांगली सोडणार आहेत. ह्या वेळी साऱ्याचा प्रश्नच नाही. ह्या वेळी जमीन चांगली आहे म्हणालात तरच ती राहील. खंडूबा, एकदा खरं सांगा, मी आत्ता लिहून घेते.

त्यांनी दोर वळणं थांबवलं नाही. वळता वळताच म्हणाले, "तंबूतला सायब बी असंच म्हनला व्हता. खरं सांगा, तुमच्याच भल्याचं हाय."

"पण मी तो साहेब नाही."

"न्हाई, तुमी चांगल्या घरच्या हायसा. त्ये दिसतंय." मग त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "पर कागूद तुमचा न्हाई."

हौसाबाईंनी हातातलं शेणकूट खाली टाकलं. "सांगा की वो," त्या म्हणाल्या. "एवडी पोर उनातानातनं आलीया. सांगा की. जाईल रान." खंडूबा त्यांच्यावर असे ओरडले की बाभळीवरचे होले उडाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाले, "आज कारखाना म्हनत्यात. उद्या चांगली जमीन म्हनून दुसरंच कायतरी लावत्याल. आमी बोललो की फसतो, बाई. न बोलता आमचं बरं चाललंय." आणि पुन्हा मान खाली घालून म्हणाले, "लिवा. खडक हाय."

मी लिहिलं. उत्तर त्यांचं होतं. हौसाबाई तिथेच बांधावर बसून राहिल्या, आमच्या दोघांकडेही पाठ करून, नदीकडे तोंड करून. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटत होतं. शेवटी गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. ती वाट त्या संध्याकाळइतकी लांब कधीच वाटली नव्हती. घोट्यातली कळ तिथून सुरू झाली असावी.

अहवाल चांगला झाला असं सगळे म्हणाले. सरकारने आधी विचारलं आणि मग ठरवलं, ह्याचं कौतुक झालं. नदीकाठचा सगळा पट्टा कारखान्याला गेला. हरकती घ्यायला मुदत होती, पण हरकत घ्यायची म्हणजे आधी सांगितलेलं खोटं होतं असं सरकारदरबारी कबूल करायचं. गावातून कुणी गेलंच नाही. सरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आपण विचारलं तर होतं," एवढंच म्हणाले. त्यांचा मला राग आला नाही. तंबूतल्या साहेबाचा यायला हवा होता, पण तो केव्हाच जग सोडून गेलेला. खंडूबांचा आला, आणि तो फार टिकला नाही. राग करायलाही एक ताकद लागते, आणि त्या उन्हाळ्याच्या शेवटी माझ्यात ती उरली नव्हती.

ईशा म्हणाली, "म्हणजे तुमचा डेटाच चुकीचा होता." मी म्हटलं, नाही गं, अगदी बरोबर होता. ज्याने जे सांगितलं ते तसंच उतरवलं होतं, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिच्याजवळ ह्यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे, तिने तो सांगितलाही. चांगला शब्द होता. मी तो विसरले. मला त्या वेळी हौसाबाईंची पाठ दिसत होती, आणि तिला शब्द लावता येत नाही.

तो कारखाना भराभर उभा राहिला. मी तोवर कॉलेजात शिकवायला लागले होते आणि एका वर्षी माझ्या विद्यार्थिनींना घेऊन तो पाहायला गेले. स्टेशनापासून आता पक्का रस्ता होता. माणसं कुठकुठून आलेली, कोकणातली, मराठवाड्यातली, भोंगा झाला की लोंढा आत आणि लोंढा बाहेर. यंत्रं पाहून झाल्यावर तिथले अधिकारी आम्हाला अगत्याने बागेत घेऊन गेले. हिरवळ, कण्हेर, आणि गुलाब तर एवढाले. पलीकडे कुंपणाच्या तारेमागे पवना. मी कुठे उभी आहे ते मला नदीवरून कळलं.

झारी घेऊन वाफ्यात वाकलेला माळी उठला, तर ते खंडूबा. अंगात खाकी सदरा, डोक्याला मात्र तोच पटका. जमीन गेलेल्या घरांतल्या काहींना कारखान्याने कामाला घेतलं होतं. त्यांनी मला ओळखलं, राम राम केला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. हौसाबाई कशा आहेत म्हणून विचारलं. "हाय की. चाळीत ऱ्हातोय आता. इकतचं धान्य आनावं लागतंय, तर नाक मुरडतीया. खडं लई निघत्यात म्हनती." आणि स्वतःशीच थोडे हसले.

माझ्या एका विद्यार्थिनीने गुलाबाला हात लावत सहज विचारलं, "बाबा, इथली जमीन चांगली आहे का हो?"

मी दुसरीकडे पाहायला लागले. मला ते उत्तर पुन्हा ऐकायचं नव्हतं.

खंडूबांनी झारी खाली ठेवली. अधिकाऱ्यांच्या समोर, आम्हा सगळ्यांच्या समोर, ते वाफ्यात उकिडवे बसले आणि ओंजळभर माती उचलून त्या मुलीच्या हातावर ठेवली. "चांगली? आगं, ह्या पवनाकाठाला असली दुसरी न्हाई. वास घे. हितं, ह्या हिरवळीवर, छातीएवडा गहू असायचा. त्या हापिसापाशी हरबरा. घाटं असं टप्पोरं की पोरं जेवान इसरायची. खत न्हाई घातलं कदी, पानी न्हाई पाजलं. निस्ता हात लावायचा आन्‌ बाजूला सरायचं." ते बोलतच राहिले. आवाज चढत गेला, हात सगळीकडे फिरू लागले, कुठे भुईमूग, कुठे वाल, कुठल्या कोपऱ्यात कुठल्या साली काय आलं. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अधिकारी कौतुकाने मान डोलवत होते. मुली वह्या काढून उतरून घ्यायला लागल्या होत्या आणि ते त्यांच्यासाठी सावकाश, पुन्हा पुन्हा सांगत होते.

मुली पुढे गेल्यावर मी मागे राहिले.

"खंडूबा, हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यांनी हातांची माती झटकली, झारी उचलली.

"तवा माझी व्हती न्हवं, बाई."